किंगरीचे गुरुकुल

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सालेकसा तालुक्यातील दरेकसा-धनेगावच्या अरण्यात कचारगडची जी विशाल गुहा आहे, तिच्याविषयी गोंड समाजात अशी कथा आहे की, शिळा लावून आत कोंडलेल्या, कली कंकाली मातेच्या तेहतीस मुलांसाठी हिरासुका नामक वादकाने द्वाराशी किंगरी हे तंतुवाद्य वाजविले, त्या नादाने मुलांच्या अंगी बळ संचरले, शिळा सरली आणि तिच्याखाली सापडून हिरासुका गतप्राण झाला. पहांदी पारी कुपार लिंगोने त्या मुलांना धर्म आणि विद्या दिली ती त्यानंतर. वादक आधी आणि विद्या मागाहून, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो.

ही विद्या पुढे सांभाळली गोंडांचे गायक-वादक असलेल्या परधानांनी. गोंड यजमानांच्या घरी जाऊन वंशावळ व देवकथा गाणे हा त्यांचा परंपरागत हक्क. मोबदला धान्याचा, कापडाचा, प्रसंगी बैलाचा. किंगरीच्या घोड्याच्या केसांच्या तारांवर कमान फिरवीत बाप गाई आणि मागे बसलेला पोरगा चरणाचा शेवट उचलून धरी. त्याची नजर कथेपेक्षा बापाच्या बोटांवर अधिक खिळलेली असे. ना पाटी, ना पुस्तक, ना परीक्षा.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची प्रदीर्घ गाथा उतरवून घेतली होती. 1863 मध्ये टाकळघाटाजवळ नदी ओलांडताना ते बुडाले, आणि त्यांचे कागद 1866 मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी छापविले. अशा रीतीने गाथेचे शब्द सरकारदप्तरी सुरक्षित झाले. कमानीचा हात मात्र कोणत्याही दप्तरात दाखल होण्यासारखा नव्हता.

हाताची ही विद्या पुढच्या पिढीला कशी द्यावी, हा प्रश्न सुदूर बालीतही होता. तेथे शिष्य गुरूच्या हातातील, वाद्यावर पडणाऱ्या मोगरीची हालचाल पाहूनच वादन शिकत आला आहे. 1960 मध्ये देनपसारला सरकारी संगीतशाळा निघाली, तरी त्या जुन्या रीतीला तेथे रजा मिळाली नाही. आमच्याकडे सालेकसा-देवरी भागात आश्रमशाळा झाल्या, गोंड-परधानांची मुले अक्षरे शिकली, हे उपकार थोर खरेच. परंतु वसतिगृहात राहणारा मुलगा बापामागून यजमानांच्या दारी फिरणार कधी, याचा विचार वेळापत्रक आखणाऱ्यांनी केला असेल, असे दिसत नाही. कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेस भरते, आणि शाळांतून तेव्हा वार्षिक परीक्षेची उजळणी चालू असते.