एका ॲडमिशनमध्ये दोन ऑपरेशन : योजनेत दुसऱ्याचे पैसे कोण देतं?

माकुणसार : मोटारसायकल घसरून पाय मोडलेला पेशंट रॉड टाकायला नेला, तर मनगटही मोडलेलं निघालं. दोन्ही ऑपरेशन एकाच वेळी करायचं ठरतं. मग काउंटरवरून सांगितलं जातं, 'योजनेत एकच बसतं, दुसऱ्याचे रोख भरा.' अशा वेळी सफाळे-केळवे पट्ट्यातल्या घरात दागिने गहाण पडायला वेळ लागत नाही. पैसे भरण्याआधी पॅकेज कोड म्हणजे काय ते माहीत असलेलं बरं.

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये राज्यातल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत चालते. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

योजनेत हॉस्पिटल आपल्या मनाने बिल लावत नाही. प्रत्येक उपचाराला कोड आणि ठरलेला दर आहे. आयुष्मानच्या यादीत पहिली दोन अक्षरं विभाग सांगतात. एसबी म्हणजे हाडं, एसई म्हणजे डोळे, एसजी म्हणजे जनरल सर्जरी, एसओ म्हणजे बाळंतपण व स्त्रीरोग. सुरुवातीला एम असेल तर बहुतेक वेळा ते औषधोपचाराचं पॅकेज असतं.

आता मुद्द्याचं. सगळे कोड एका जातीचे नाहीत. काही कोड 'स्टँडअलोन' म्हणजे एकटेच चालणारे. त्यांच्यासोबत दुसरं पॅकेज लावता येत नाही. काही 'ॲड-ऑन', म्हणजे जोडीचे. ते एकटे लागतच नाहीत, मुख्य उपचाराचा कोड असेल तरच वर लागतात. औषधोपचारासाठी भरती असलेल्या पेशंटच्या सीटी स्कॅन, एमआरआयसारख्या महागड्या तपासण्या अशा जोडीने लावता येतात. अमेरिकेतही हीच रीत आहे. तिकडच्या कोडच्या पुस्तकात जोडीच्या कोडपुढे अधिकचं चिन्ह छापलेलं असतं.

बाकीची साधी ऑपरेशनं मात्र एकत्र लावता येतात. आयुष्मानच्या नियमात एकाच वेळी झालेल्या ऑपरेशनपैकी सर्वात महाग असेल त्याचा दर पूर्ण, दुसऱ्याचा ५० टक्के आणि तिसऱ्याचा २५ टक्के हॉस्पिटलला मिळतो. समजा दर २० हजार, १२ हजार आणि ८ हजार असे आहेत. तर २० अधिक ६ अधिक २, म्हणजे २८ हजार योजना देते. भूल एकदाच, टेबल एकच, खाटही तीच, म्हणून पुढचा दर कमी धरतात. पण हा कमी झालेला दर हॉस्पिटल आणि योजना यांच्यातला हिशोब आहे. उरलेले १२ हजार पेशंटकडून वसूल करायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. घोळ नेमका इथेच होतो.

ऑपरेशन आणि औषधोपचार ही दोन पॅकेजं मात्र एकाच वेळी सहसा लागत नाहीत. ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच खाट, सर्जन, भूल, औषधं, तपासण्या आणि जेवण धरलेलं असतं. मंजूर ऑपरेशनला लागणारी प्लेट, रॉड यांचा खर्चही योजनेकडूनच जातो.

घरच्यांनी काय करावं? भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलावर जावं. 'कोणते कोड टाकले, किती टाकले, मंजुरी कशाकशाची आली?' एवढं विचारून कागदावर लिहून घ्यावं. डॉक्टरांनी मध्येच दुसरं ऑपरेशन सांगितलं तर पुन्हा तेच विचारावं, कारण त्या कोडचीही मंजुरी लागते आणि ती मागणं हॉस्पिटलचं काम आहे. कोड स्टँडअलोन आहे असं उत्तर मिळालं, तर दुसरं ऑपरेशन पुढे वेगळ्या भरतीत योजनेतून होईल का, ते डॉक्टरांना विचारावं. जीवाला धोका असेल तेव्हा अर्थातच थांबू नये. रोख भरावेच लागले तर पावतीशिवाय देऊ नयेत.

बोईसर, डहाणूकडचे बरेच पेशंट वापी, वलसाड, सिल्वासाला जातात. तिथे योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलमध्ये आयुष्मान कार्ड चालतं. नुसत्या रेशनकार्डाच्या भरवशावर गाडी काढू नये, आधी १४५५५ वर विचारून घ्यावं. राज्याच्या योजनेची माहिती आणि तक्रार यासाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे टोल फ्री नंबर आहेत. तक्रार करताना हॉस्पिटलचं नाव, भरतीची तारीख आणि लिहून घेतलेला कोड हाताशी ठेवावा.