फळ्यावरचा दर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नागपूरला जाऊन आलेला माणूस पारशिवनीच्या स्टँडवर उतरला की पहिली तक्रार करतो ती खाण्याची. कोर्टात तारीख मिळाली का, डॉक्टर काय म्हणाले, हे नंतर. आधी, 'दोन पोळ्या अन् वाटीभर भाजीचे एवढे घेतले!' आकडा दर खेपेला वाढलेला असतो आणि ऐकणारे दर खेपेला तेवढेच चकित होतात. मीही होतो. पण पैसे मोजले की कोणाच्याही पुढे ताट येते, ही सोय आपल्याकडे फार जुनी नाही, हे त्या चर्चेत कधी येत नाही.

पूर्वी प्रवासाला निघणारा माणूस भाकरी-चटणी फडक्यात बांधून निघे. मुक्काम लांबला तर धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडायची. परक्याच्या हातचे खायचे नाही हा नियम इतका पक्का होता की हॉटेल नावाच्या धंद्याला त्यात शिरायला जागाच नव्हती. ती जागा केली रेल्वेने. 1867 मध्ये मुंबईची गाडी नागपूरपर्यंत आली. रात्रभर डब्यात बसलेल्या माणसाला फलाटावर चहा-पाणी तर हवेच. मग त्यावर तोड निघाली. 'हिंदू पाणी' वेगळे, 'मुसलमान पाणी' वेगळे. पुढे चहाही तसाच आला आणि थेट 1940 च्या दशकापर्यंत अशा आरोळ्या फलाटावर ऐकू येत. चहाची पत्ती एकाच मळ्यातली, दूध एकाच गवळ्याचे असले तरी केटल्या दोन. आमच्या घरातली म्हातारी माणसे हे हसत सांगायची. ज्यांना दोन्ही केटल्यांपासून दूर उभे केले जाई, त्यांच्या घरात हे कोणी हसत सांगत नसेल.

गावोगावच्या हॉटेलांत त्यांची कपबशी बाहेर, वळचणीला ठेवलेली असे. स्वतः उचलायची, स्वतः विसळायची, पैसे मात्र पूर्ण द्यायचे. राज्यघटना लिहिताना हे इतके ठाऊक होते की भेदभावाला मनाई करणाऱ्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. 1955 मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. कायद्यानंतरही बाहेरची कपबशी लगेच फुटली नाही. बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम 1972 मध्ये काढावी लागली, यावरून काय ते समजावे.

म्हणून हॉटेलच्या भिंतीवरचा काळा फळा मला मोलाचा वाटतो. चहा, पोहे, आलूबोंडा आणि पुढे खडूने लिहिलेला दर. तो सगळ्यांना सारखा. विचारायचे ते एवढेच, की खिशात तेवढे आहेत का. हा प्रश्नही बोचरा आहे, पण आधीच्या प्रश्नापेक्षा बरा. मुंबईत इराण्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानांत संगमरवरी टेबले टाकली आणि ब्रून-मस्का व पानीकम चहा कोणालाही दिला. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, उडुपी पद्धतीचे भोजनालय काढले.

खरे पोटाचे काम केले ते मात्र खानावळींनी. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेला गडी दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपे आणि शेजारच्या बाईकडे जेवे. हिशेब महिन्याचा. पगार झाला की द्यायचे, संप झाला तर थांबायचे. थांबायची बाई. तिची वाण्याची उधारी मात्र थांबत नसे, व्याजावर चाले. स्वस्त जेवणाची झळ कोणाच्या अंगाला लागते याचे इतके उघडे उदाहरण दुसरे नाही. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर मिळू लागले, तेव्हा सावकाराचा गळफास थोडा सैल झाला.

नागपूरचे सावजी हे याच कुळातले. आज लोक झणझणीत रश्श्यासाठी गाड्या घेऊन जातात. मुळात ते हलबा कोष्ट्यांच्या घरचे जेवण. मागावर दिवस काढणाऱ्यांचे, जवसाच्या तेलातले. माग थंडावले आणि घरच्या चुलीनेच धंदा दिला. 1877 मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिलही पुढे बंद पडली. विणकराचे ताट श्रीमंत झाले. विणकर झाला का, हे कोणी विचारत नाही.

फुकट जेवण आपल्याला अनोळखी नाही. ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर लंगर असतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी अन्नदान चालते. अवघड आहे ते स्वस्त जेवण, रोजचे, मान खाली न घालता विकत घेता येईल असे. सरकारनेही ते करून पाहिले. 1995 मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या. भाकर हळूहळू दिसेनाशी झाली, जागा राहिल्या. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि 2021 मध्ये काही महिने मोफतही दिली गेली. त्या दिवसांत तिने किती माणसे तगवली ते मजुरांना विचारावे. पण त्या योजनेतला एक आकडा मला तेव्हाच खटकला. थाळीची किंमत शहरात पन्नास रुपये धरली आणि ग्रामीण भागात पस्तीस. म्हणजे ग्राहकाचे दहा वजा जाता चालकाला शहरात चाळीस, गावात पंचवीस. तूरडाळ काय पारशिवनीला स्वस्त मिळते? सिलिंडर नागपूरहून इकडे येताना हलका होतो काय?

सिलिंडरचे निघाले म्हणून सांगतो. घरचा 14.2 किलोचा, हॉटेलचा 19 किलोचा आणि त्याचा दर वेगळा. दर महिन्याच्या एक तारखेला टपरीवाल्याचे लक्ष तिकडे असते. करांचेही तसेच. जुलै 2017 मध्ये वस्तू-सेवा कर आला तेव्हा साध्या हॉटेलला बारा आणि वातानुकूलित हॉटेलला अठरा टक्के होते. बिल पाहून लोक ओरडले, तेव्हा नोव्हेंबरात दोघांनाही पाच टक्के केले. पदार्थांच्या किमती काही त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. महागाईबद्दल हॉटेलवाल्याला शिव्या देणाऱ्याने भाडे, गॅस, तेल आणि पोऱ्याचा पगार यांची बेरीज एकदा करून पाहावी. न परवडणारा धंदा तो पोऱ्याच्याच पगारातून परवडवून घेतो, ही माझी मोठी तक्रार.

आमच्या तालुक्यातच आता दोन दर झाले आहेत. कोलितमाऱ्याच्या बाजूला पेंचचा वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट आहेत. तिथे नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो, त्याचा दर कोणी विचारतही नाही. इकडे बाजाराच्या दिवशी सांबार-वांग्यांची टोपली विकून झालेली बाई टपरीपाशी येते. फळा वाचता येत नसला तरी दर तिला पाठ असतो. नातवासाठी एक आलूबोंडा कागदात बांधून घेते, स्वतःसाठी अर्धा चहा सांगते आणि बाकावर बसून पिते.