साठवलेल्या उन्हाची कुळकथा

बोरीवलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना स्लॅबचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. ऊन कधीच उतरलेलं असतं, तरी रात्री नऊ-दहाला पंखा गरम वाराच खाली ढकलतो. दिवसभर पोटात घेतलेली उष्णता स्लॅब काही तासांनी परत करत असतो. हाच गुण पथ्यावर पडल्याचा जुना दाखलाही बोरीवलीतच आहे.

कान्हेरीचा डोंगर इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं कोरला जात होता. लेणी शंभरावर. भिक्षूंच्या विहारांत पुढे ओसरी, आत खोली, झोपायला दगडी ओटा आणि डोक्यावर कित्येक फूट कातळ. दुपारची झळ त्यात हातभर शिरेपर्यंत रात्र होते आणि ती तिथेच विरते. म्हणून ऐन मे महिन्यातही आतली भिंत हाताला गार लागते.

देशावर हेच काम मातीने केलं. सोलापूर-मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना जाडजूड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा थर. कोरड्या हवेत रात्री माळवद निवतं. लोक त्यावरच अंथरूण टाकतात. कोकणात रात्र दमट, पारा फारसा उतरत नाही. तिथल्या माणसाने साठवणीच्या नादी न लागता उतरतं छप्पर, पडवी आणि वारा धरला.

मुंबईने मात्र सपाट गच्ची घेतली. गळती थांबवायला तिच्यावर कोबा आला: विटांचे तुकडे उताराने रचायचे आणि फटी चुन्याने, पुढे सिमेंटने भरायच्या. पाणी अडलं, पण उष्णता धरणारा आणखी एक थर वाढला.

उष्णता साठवण्याची पुढची पिढी वितळणाऱ्या पदार्थांची. हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेलकेश यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत डोव्हर इथल्या घरात ग्लॉबर क्षाराचे डबे ठेवले. हा क्षार सुमारे ३२ अंशांना वितळताना भरपूर उष्णता शोषतो आणि गोठताना ती सोडतो. काही हिवाळ्यांत क्षाराचे थर वेगळे झाले आणि प्रयोग फसला. त्याच तत्त्वावर आज पॅराफिनसारखे पदार्थ गिलाव्यात आणि फलकांत मिसळतात.

मेमधली बोरीवलीची रात्र २७ अंशांच्या आसपास रेंगाळते. तेवढ्या तापमानातही गोठणारा पदार्थ निवडला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यात उष्णतेला जागाच उरत नाही. म्हणून इथे पहिला खर्च गच्चीवरच्या पांढऱ्या चिनी मोझॅकचा. शिरलेलं ऊन साठवण्यापेक्षा ते परतवून लावणं स्वस्त पडतं.