शाखेचा अंदाज : तळटीप

मूळ मजकुरातील ‘शाखेचा अंदाज’ हा प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर बांधतो तो नव्हे, तर प्रोग्राम एकदाही चालण्यापूर्वी कंपायलर केवळ कोडची ठेवण पाहून बांधतो तो होय. शाखा म्हणजे अट तपासून दोनपैकी एक वाट धरण्याची जागा. टॉमस बॉल आणि जेम्स लारस यांनी १९९३ मध्ये यासाठी काही ठोकताळे मांडले : लूपमधील शाखा बहुधा पुन्हा लूपच्या आरंभाकडे वळते, पॉइंटर सहसा ‘नल’, म्हणजे रिकामा, नसतो, आणि एखादी संख्या शून्याहून लहान आहे का ही तपासणी बहुतेकदा खोटी ठरते, कारण अनेक प्रोग्राममध्ये ऋण संख्या चूक दर्शवण्यासाठी वापरलेली असते (हा ठोकताळा यंत्रापेक्षा प्रोग्रामरांच्या सवयींविषयीच अधिक सांगतो). एकाच शाखेला अनेक ठोकताळे लागू पडल्यास बॉल आणि लारस ठरावीक क्रमातील पहिल्याचा कौल मानत. पुढे १९९४ मध्ये वू आणि लारस यांनी प्रत्येक ठोकताळ्याला संभाव्यता देऊन डेम्पस्टर-शेफर पुरावा-सिद्धान्ताच्या आधारे त्यांचा मेळ घातला, आणि ही अधिक समंजस रीत जीसीसी या कंपायलरनेही स्वीकारली. अंदाज चुकला तरी प्रोग्रामचे उत्तर बदलत नाही. क्वचित लागणारा म्हणून दूर मांडलेला कोड वारंवार चालवावा लागून केवळ वेग मंदावतो.