सन्नतीची शिळा आणि कनगनहळ्ळीचा महास्तूप

चंद्रलांबा देवी हे महाराष्ट्र-कर्नाटकातील अनेक कुटुंबांचे कुलदैवत. कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या तीरावर सन्नती येथे तिचे देवालय आहे. आपल्या सीमाभागातूनही तेथे जाणारी घराणी आहेत. याच सन्नतीच्या परिसरात बौद्ध धर्माचे एक मोठे क्षेत्र नांदत होते, ही गोष्ट मात्र दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेली असेल.

सन १९८६ मध्ये चंद्रलांबेच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले व मूर्ती भंगली. ढिगारा उपसताना मूर्तीच्या पीठाची शिळा मोकळी झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंवर ब्राह्मी लिपीतील मजकूर आढळला. ते सम्राट अशोकाचे आदेश होते. एका अंगाला बाराव्या व चौदाव्या आदेशाचे भाग होते, तर दुसऱ्या अंगाला कलिंगात आढळणारे दोन स्वतंत्र आदेश होते. मूर्ती बसविण्यासाठी शिळेच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडलेली असल्याने काही अक्षरे कायमची गेली. त्या अनाम पाथरवटाला दोष देण्याचा मोह होतो. परंतु लिपीचे ज्ञान लोपलेल्या काळात त्याच्यापुढे एक घडीव, सपाट दगड होता, इतकेच. शिवाय देवीचे आसन झाल्यामुळेच ती शिळा कोणाच्या उंबरठ्याला वा विहिरीच्या काठाला लागली नाही. बारावा आदेश आहे सर्व पंथांच्या परस्पर आदराविषयी. आपल्या पंथाच्या अभिमानाने जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय. तो शतकानुशतके देवीच्या पायाखाली सांभाळला गेला!

सन्नतीपासून सुमारे तीन किलोमीटरवर कनगनहळ्ळी आहे. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९९४ पासून उत्खनन केले, तेव्हा कोसळलेला एक महास्तूप हाती आला. शिलालेखांत त्याला 'महाचेतिय' म्हटले आहे. त्याचे शिल्पपट चुनखडीच्या दगडाचे आहेत. आपल्या घराघरांतली शहाबादी फरशी ज्या जिल्ह्यातून येते, त्याच जिल्ह्यातला हा स्तूप. एका पटावर राण्या व सेवकांसह उभा असलेला राजा कोरला असून त्याखाली 'रायो असोको' ही अक्षरे आहेत. अशोकाचे नाव कोरलेले असे शिल्प सापडणे ही भारतीय इतिहासातील असामान्य घटना होय. आणखी एका पटावर राजा सातकर्णी महाचेतियाला रुप्याची कमळे अर्पण करीत आहे, असे तेथील लेखच सांगतो. बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूर येथील उत्खननात सातवाहनकाळची वसाहत उजेडात आली आहे. तेव्हा या राजांचे आपल्याला परकेपण वाटू नये.

एवढे वैभव हाती येऊनही उत्खननानंतर सुमारे वीस वर्षे या स्थळाच्या वाट्याला बव्हंशी उपेक्षाच आली. अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास, पुरातत्त्व खात्याने विखुरलेले अवशेष जागच्या जागी जुळवून स्तूप उभा करण्याचे काम हाती घेतल्याची वार्ता आली. वार्ता आनंदाची खरी, परंतु येथे एका गोष्टीचे भय वाटते. प्रवासी वाढावेत म्हणून पुराणवस्तूला नवी झळाळी देण्याची हौस आपल्याकडे फार. जो तुकडा सापडला नाही त्याची जागा रिकामीच दिसली पाहिजे. तेथे नवे नक्षीकाम बसविले की पुढच्या अभ्यासकाला जुने कोणते व नवे कोणते हे कळेनासे होते. भाविकांची ये-जा मात्र थांबविण्याचे कारण नाही. रुप्याची कमळे वाहणारा सातकर्णीही तेथे दर्शनालाच आला होता ना? वाहनतळ, दुकाने व भक्तनिवास स्तूपापासून दूर ठेवावेत, पटांना हात लागणार नाही अशी वाट आखावी, आणि माहितीफलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत.

चंद्रलांबेच्या दर्शनाला जाणाऱ्या आमच्या सभासदांनी ओटी भरून झाल्यावर लगेच परतीची गाडी धरू नये. तीन किलोमीटर पुढे जावे आणि 'रायो असोको' ही अक्षरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत.