साहेबाचा कट्टा आणि हेलियम

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की कुणीतरी ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरसाहेबाने इथेच दुर्बीण रोवली आणि हेलियम शोधला, अशी ती कथा. त्या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. कथा गोड आहे, पण साहेब त्या दिवशी इंग्लंडात होते.

ग्रहण मात्र खरेच आपल्याकडून गेले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, तर लंडनच्या रॉयल सोसायटीची मंडळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसली होती. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत एक पिवळी रेषा दिसली. पुष्कळांनी ती सोडियमचीच धरली. दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, लॉकयर यांनी इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वालांचा वर्णपट घेतला. ही पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या जागी काही बसेना. सूर्यातल्या या अनोळखी मूलद्रव्याला ग्रीक ‘हेलिओस’वरून नाव मिळाले. शेवटचे ‘-यम’ धातूंचे! नाव चुकले, तरी टिकले. पृथ्वीवर तो सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजात, आणि निघाला वायू.

लॉकयर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ‘मेलपोमिनी’ युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन. तोवर ते ‘सर’ झाले होते, त्यामुळे ‘साहेब’ शोभतो. फक्त हेलियम तीन वर्षांपूर्वीच बाटलीत भरला गेला होता. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला जेऊरला निरीक्षणे घेत होते. त्यांच्या नावाचा कट्टा कुठेच नाही, याची मला जास्त खंत.

हेलियमचा खरा स्वभाव थंडीत कळला. १९०८ मध्ये लायडनला त्याचा द्रव झाला. १९३८ मध्ये दिसले की फार थंड केला तर तो घर्षणाशिवाय वाहतो. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी त्याच वर्षी याचे नाते १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना पत्र लिहिणाऱ्या सत्येंद्रनाथ बोसांच्या गणिताशी जोडले. हेलियमच्या अणुकेंद्रात दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. बेरीज सम, म्हणून ते केंद्र बोसांच्या कुळातले. इलेक्ट्रॉनांच्या पंगतीत प्रत्येकाला वेगळा पाट लागतो. बोसांच्या पंगतीत सगळे एकाच पाटावर बसू शकतात.

अशी पंगत एखाद्या ताऱ्यातही बसू शकेल का? आमच्या सोनाळ्याच्या अंगणातून हिवाळ्यात सातपुड्याकडे पाठ करून उभे राहिले की व्याधाचा तारा लखलखतो. त्याचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जोडीदार श्वेत बटू आहे: जवळपास सूर्याएवढे वस्तुमान, आकार पृथ्वीएवढा. तो बहुधा कार्बन-ऑक्सिजनचा. पण जोडताऱ्याने बाहेरचे थर वेळेआधी ओरबाडले, तर मागे हेलियमचा बटू उरतो. पाण्याच्या दहा लाख पट घनतेत इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटतात आणि अणुकेंद्रे उघडी पडतात, धनभारित, एकमेकांना ढकलणारी. असा तारा निवत गेला की ती जाळीदार स्फटिकात गोठतात, असे सर्वसाधारण मत. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेगरी गबादाद्झे आणि रेचेल रोझेन या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळे मांडले. हेलियमचे केंद्र हलके, म्हणून ते थंडीतही थरथरत राहते. जाळीत अडकण्याआधीच ती सगळी केंद्रे बोसांच्या पंगतीसारखी एका पाटावर येतील. आणि ही ‘थंडी’ लाखो अंशांची! इतक्या दाटीत केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून तेवढे निवणे पुरते. तसे झाले तर ताऱ्याकडे उष्णतेचा साठा कमी उरतो आणि तो लवकर विझतो.

पुढच्या १८ ऑगस्टला विजयदुर्गावर गेलात, तर कथा सांगणाऱ्याला प्रेमाने एवढेच सांगा: तारीख गुंटूर-जमखंडीची, साहेब १८९८ चा.