नहर-ए-अंबरी : डोंगर देईल तेवढेच

मलिक अंबर म्हटले की गनिमी कावा आणि जमीन महसूल एवढेच आपल्याला आठवते. त्याची पाण्याची व्यवस्था एका ओळीत उरकली जाते. वर्गात इतिहास शिकवताना आम्हाला ही उणीव नेहमी जाणवते.

गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकीला राजधानी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शेजारची खाम नदी पावसाळ्यापुरती. शहर जगवायचे तर बारमाही पाणी हवे होते.

१६१७-१८ च्या सुमारास नहर तयार झाली. उत्तरेकडील डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात आले आणि हौद भरले. इराणमधील कारेझशी तिचे नाते सांगता येते. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवली होती. पुढे अशाच दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की फिरू लागली. तिथे फकीर आणि वाटसरूंसाठी दळण दळले जाई.

या रचनेत एक शिस्त होती. डोंगरात जेवढे मुरेल तेवढेच नहरीत येई, त्याहून एक घागरही जास्त नाही. मुरण्यासाठी डोंगरावर माती, गवत, झाडे हवीत. उघड्या डोंगरावरचे पाणी वाहून जाते आणि हौद कोरडा पडतो. म्हणजे शहराचे पोट डोंगराच्या आरोग्यावर अवलंबून होते.

पुढे गोदावरीवरील जायकवाडीचे पाणी पंपाने आले, घरोघरी बोअर झाले. सोय झाली, पण ते अवलंबित्व नजरेआड गेले. नहरीवर बांधकामे झाली, मलबा पडला. बोअर मात्र खोल खोल जात राहिले, कारण पंपाला डोंगराची शिस्त ठाऊक नाही.

फारसीत आब म्हणजे पाणी आणि तेजही. मराठीत तोच शब्द प्रतिष्ठेसाठी रुळला. आपण ‘आब राखणे’ म्हणतो. उरलेली नहर साफ ठेवणे, तिच्या डोंगरावरची हिरवळ जपणे आणि मुलांना ती चालत नेऊन दाखवणे, हाच आमच्या मते शहराचा आब राखण्याचा मार्ग आहे. ज्या डोंगराचे पाणी चार शतके प्यायलो, त्याचे एवढे देणे आपण लागतोच.